‘आउटलँडोस दामूर’ : ‘द पोलीस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका

‘आउटलँडोस दामूर’ ही ‘द पोलीस’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका होय. ए अँड एम रेकॉर्ड्स या कंपनीने ती नोव्हेंबर १९७८ मध्ये प्रकाशित केली. ‘न्यू वेव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रवाहातील महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. ‘रॉक्सॅन’, ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’ आणि ‘सो लोनली’ ही तिच्यातील तीन गीते पुढे जगभर गाजली. ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत ही ध्वनिमुद्रिका सहाव्या, तर अमेरिकेच्या यादीत तेविसाव्या स्थानापर्यंत पोहोचली.

हे यश तत्काळ मिळालेले नव्हते. प्रकाशनाच्या वेळी ब्रिटिश नभोवाणीने या गीतांकडे जवळजवळ पाठ फिरवली होती आणि संगीतविषयक नियतकालिकांनाही या तिघा वादकांविषयी संशय वाटत होता. अवघ्या दीड हजार पौंडांत, एका डॉक्टरच्या स्टुडिओत तयार झालेल्या या ध्वनिमुद्रिकेने त्यानंतर वर्षभरात श्रोत्यांची पकड घेतली. तिच्या दहांपैकी आठ गीतांवर रचनाकार म्हणून एकट्या स्टिंग यांचे नाव आहे. मात्र श्रोत्यांच्या कानात राहिलेला तिचा ध्वनी तिघांनी मिळून घडवलेला होता. गीत लिहिणारा आणि गीताला रूप देणारा यांच्यातील श्रेयाचा प्रश्न या वाद्यवृंदाच्या इतिहासात अखेरपर्यंत कायम राहिला. त्याची मुळे याच पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आढळतात.

पार्श्वभूमी

१९७६ च्या सुमारास लंडनमध्ये पंक संगीताची लाट उसळली. ‘सेक्स पिस्टल्स’, ‘द क्लॅश’, ‘द डॅम्ड’ यांसारख्या वाद्यवृंदांनी त्या काळच्या प्रदीर्घ, गुंतागुंतीच्या आणि खर्चिक रॉक संगीताविरुद्ध बंड पुकारले. दोन-तीन मिनिटांची वेगवान गीते, मोजकी स्वरसंगती, उद्धट आवाज आणि शासन, राजघराणे व बेकारी यांवरील थेट शब्द ही या संगीताची लक्षणे होती. वाद्यावर प्रभुत्व असणे हा पंकच्या दृष्टीने गुण नव्हता. कित्येकदा तो दोषच मानला जाई.

पंकची ऊर्जा कायम ठेवून सुरावट, लय आणि शब्द यांचा अधिक बारकाईने विचार करणारे वाद्यवृंद लवकरच पुढे आले. त्यांच्यासाठी ‘न्यू वेव्ह’ ही संज्ञा रूढ झाली. पंक या शब्दाला नभोवाणी केंद्रे आणि विक्रेते बिचकत असत. त्यामुळे ध्वनिमुद्रण कंपन्यांनाही ही नवी संज्ञा सोयीची वाटली.

याच वर्षांत लंडनमध्ये जमैकाच्या रेगे संगीताचा प्रभाव वाढत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या स्थलांतरितांनी हे संगीत ब्रिटनच्या शहरांत रुजवले होते. बॉब मार्ली यांच्या १९७५ मधील लंडनच्या कार्यक्रमांनी ते गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. पंक वाद्यवृंदांच्या तबकड्या अजून मोजक्याच असल्याने लंडनमधील ‘रॉक्सी’ या पंक क्लबमध्ये कार्यक्रमांच्या मधल्या वेळात रेगेच्या तबकड्या वाजवल्या जात. ‘द क्लॅश’ने १९७७ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ज्युनियर मर्विन यांचे एक रेगे गीत समाविष्ट केले. पंक आणि रेगे यांची अशी जवळीक ‘द पोलीस’च्या आधीपासूनच सुरू झाली होती.

तिघे वादक

‘द पोलीस’ची स्थापना १९७७ च्या प्रारंभी लंडनमध्ये झाली. तिच्यामागील मूळ कल्पना ड्रमवादक स्ट्यूअर्ट कोपलँड यांची होती. १९५२ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या कोपलँड यांचे वडील अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत अधिकारी असल्याने त्यांचे बालपण कैरो आणि बैरूत येथे गेले. अरबी संगीतातील ताल त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले होते. ‘कर्व्हड एअर’ या प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदात त्यांनी काही काळ ड्रम वाजवले होते. तो वाद्यवृंद मोडकळीस आल्यावर पंकच्या लाटेत नवे काही उभारावे, असे त्यांनी ठरवले.

गायक आणि बासगिटारवादक स्टिंग यांचे मूळ नाव गॉर्डन सम्नर. १९५१ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येकडील वॉल्सेंड या जहाजबांधणीच्या गावी त्यांचा जन्म झाला. ते शाळेत शिक्षक होते आणि न्यूकॅसल शहरातील ‘लास्ट एक्झिट’ या जॅझ वाद्यवृंदात गात असत. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या स्वेटरमुळे सहकाऱ्यांनी त्यांना ‘स्टिंग’, म्हणजे गांधीलमाशीची नांगी, हे टोपणनाव दिले. कोपलँड यांनी १९७६ मध्ये न्यूकॅसल येथे त्यांचे गायन ऐकले. १९७७ च्या जानेवारीत स्टिंग नोकरी सोडून पत्नी आणि तान्ह्या मुलासह लंडनला आले.

वाद्यवृंदाचे पहिले गिटारवादक कॉर्सिका बेटावरील हेन्री पाडोवानी हे होते. मे १९७७ मध्ये ‘फॉल आउट’ ही पहिली तबकडी निघाली. ती कोपलँड यांची रचना होती आणि अन्य पंक गीतांहून फारशी वेगळी नव्हती. त्याच महिन्यात ‘गाँग’ या वाद्यवृंदाचे बासवादक माइक हाउलेट यांनी पॅरिसमधील एका कार्यक्रमासाठी काही वादक एकत्र आणले. त्यांत स्टिंग आणि कोपलँड यांच्याबरोबर अँडी समर्स हेही होते.

१९४२ मध्ये जन्मलेले समर्स इतर दोघांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी मोठे होते. एरिक बर्डन यांच्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये आणि काही काळ ‘सॉफ्ट मशीन’मध्ये त्यांनी गिटार वाजवली होती. कॅलिफोर्नियात राहून त्यांनी अभिजात गिटारचा अभ्यासही केला होता. पंकच्या पहिल्या पिढीला वयाची विशी जेमतेम लागलेली असताना चौतिशीतला हा अनुभवी वादक त्या वर्तुळात विसंगतच दिसत होता. मात्र जॅझची स्वरसंगती जाणणारा गिटारवादक मिळाल्याशिवाय आपल्या रचना पूर्णत्वाला जाणार नाहीत, हे स्टिंग यांनी ओळखले. ऑगस्ट १९७७ मध्ये पाडोवानी बाहेर पडले आणि समर्स यांच्यासह हा तिघांचा वाद्यवृंद स्थिर झाला.

तिघांचीही पूर्वपीठिका जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांची असल्याने पंकच्या पुरस्कर्त्यांना ते संधिसाधू वाटत. त्यांच्या सोनेरी केसांमुळे हा समज आणखी दृढ झाला. वस्तुतः १९७८ च्या प्रारंभी च्युइंग गमच्या एका जाहिरातीत पंक वाद्यवृंदाची भूमिका करण्यासाठी तिघांनी केस रंगवून घेतले होते. पैशांची निकड हे त्यामागील कारण होते. ती जाहिरात कधीच प्रदर्शित झाली नाही. पण सोनेरी केस मात्र वाद्यवृंदाची ओळख बनून राहिले.

लेदरहेड येथील ध्वनिमुद्रण

या ध्वनिमुद्रिकेसाठी कोणतीही कंपनी पुढे आलेली नव्हती. स्ट्यूअर्ट यांचे थोरले बंधू माइल्स कोपलँड हे वाद्यवृंदांचे व्यवस्थापक होते. त्यांनी दीड हजार पौंड उसने दिले. या रकमेत लंडनमधील नामांकित स्टुडिओ परवडणे शक्य नव्हते. म्हणून लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यातील लेदरहेड या गावी असलेला ‘सरे साउंड’ हा स्टुडिओ निवडण्यात आला.

हा स्टुडिओ नायजेल ग्रे यांनी उभारला होता. ते व्यवसायाने डॉक्टर होते आणि ध्वनिमुद्रणाची विद्या त्यांनी बहुतांशी स्वतःच्या हौसेने आत्मसात केली होती. स्टुडिओला अन्य काम नसेल अशा वेळा साधून, १९७८ च्या पूर्वार्धात सुमारे सहा महिने हे ध्वनिमुद्रण तुकड्या-तुकड्यांनी चालले. निर्मितीचे श्रेय वाद्यवृंदाने स्वतःकडे ठेवले. ग्रे यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली.

या परिस्थितीचा परिणाम ध्वनिमुद्रिकेच्या घडणीवर झाला. वाद्यांचे थरावर थर चढवण्यास लागणारा वेळ आणि पैसा हाती नव्हता. त्यामुळे तिघे जण प्रत्यक्ष मंचावर जे वाजवत, तेच फार थोड्या फरकाने मुद्रित झाले. एक आवाज, एक बासगिटार, एक गिटार आणि ड्रम एवढ्याच साहित्यावर बहुतेक गीते उभी आहेत. प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. हाच मोकळेपणा पुढे ‘द पोलीस’ची शैली म्हणून ओळखला गेला. समर्स आणि कोपलँड यांच्या हातांत पुष्कळ अधिक वाजवण्याचे सामर्थ्य होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. कमी वाजवणे ही त्यांची मर्यादा नव्हती, तो त्यांचा निर्णय होता. आर्थिक ओढाताणीने त्या निर्णयाला बळ दिले.

‘रॉक्सॅन’ची घडण

ऑक्टोबर १९७७ मध्ये वाद्यवृंद पॅरिसला कार्यक्रमासाठी गेला होता. उतरण्याचे हॉटेल साधेच होते आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वेश्यावस्ती होती. तेथील स्त्रियांना पाहून स्टिंग यांना एका गीताची कल्पना सुचली. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीवर प्रेम जडलेला पुरुष तिला तो व्यवसाय सोडण्याची विनवणी करतो, असा गीताचा आशय आहे. हॉटेलच्या दर्शनी दालनात ‘सिरानो द बेर्जराक’ या प्रसिद्ध फ्रेंच नाटकाचे जुने भित्तिपत्रक होते. त्या नाटकातील नायिकेचे रोक्सान हे नाव स्टिंग यांनी आपल्या गीतासाठी घेतले.

स्टिंग यांनी हे गीत मुळात ब्राझीलच्या बोसा नोव्हा शैलीत बांधले होते. तालमीत कोपलँड यांनी त्याची लय बदलण्याचे सुचवले. त्यातून टँगोची छटा असलेली, रेगेच्या अंगाने जाणारी चाल सिद्ध झाली. समर्स यांनी गिटारवर भरगच्च वादनाऐवजी तुटक, कोरडे आघात ठेवले. ध्रुपदात मात्र तिन्ही वाद्ये सरळ रॉकच्या वेगाने धावू लागतात. शब्द आणि मूळ चाल एकाची, तर गीताला प्राप्त झालेले रूप तिघांचे, असा हा प्रकार होता.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी घडलेला एक किरकोळ अपघातही गीताचा भाग होऊन राहिला. स्टिंग नकळत पियानोच्या पट्ट्यांवर बसले, त्यामुळे एक बेसूर झंकार उमटला आणि ते हसू लागले. तो झंकार आणि ते हसू गीताच्या प्रारंभी आजही ऐकू येते.

वाद्यवृंदाला स्वतःला हे गीत इतर वेगवान गीतांच्या तुलनेत किरकोळ वाटत होते. ते व्यवस्थापकाला ऐकवावे की नाही, याविषयीही तिघे साशंक होते. माइल्स कोपलँड यांनी मात्र ते ऐकताच त्याचे महत्त्व ओळखले आणि ए अँड एम कंपनीशी करार केला. या करारात त्यांनी आगाऊ रक्कम घेतली नाही. तिच्याऐवजी विक्रीतील मोठा वाटा मागितला. कंपनीला धोका नव्हता आणि वाद्यवृंदावर कर्जाचे ओझेही आले नाही. त्या काळी आगाऊ रकमेच्या परतफेडीत अनेक वाद्यवृंदांची उमेदीची वर्षे खर्ची पडत. हे लक्षात घेतले, तर या निर्णयातील दूरदृष्टी स्पष्ट होते.

लयीचे स्वरूप

या ध्वनिमुद्रिकेचे वैशिष्ट्य समजण्यासाठी रेगेची लय थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल. रॉक संगीताच्या चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर जड ड्रमचा आघात पडतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर उत्तर मिळते. रेगेच्या एका प्रचलित प्रकारात पहिली मात्रा रिकामी सोडली जाते आणि जड आघात तिसऱ्या मात्रेवर येतो. गिटार मात्रांच्या मधल्या जागी तुटक वाजते आणि सुरावटीचा भार बासगिटार उचलते. समेवर थाप ऐकण्याची सवय असलेल्या आपल्याकडील श्रोत्याला ही रचना प्रथम चकवते; समेची जागा कळते, पण तेथे कोणीच काही वाजवत नाही.

‘द पोलीस’ने ही लय आणि पंकची सरळ, वेगवान लय एकाच गीतात शेजारी-शेजारी ठेवली. ‘सो लोनली’ हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. कडवे रेगेच्या संथ, मोकळ्या चालीत येते आणि ध्रुपदात वेग एकदम वाढतो. बॉब मार्ली यांच्या ‘नो वूमन, नो क्राय’ या गीताची स्वरसंगती आपण येथे वापरल्याचे स्टिंग यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. कोपलँड यांचे झांजांवरील नाजूक काम, समर्स यांच्या गिटारचे लांबत जाणारे स्वर आणि स्टिंग यांचा उंच पट्टीतील आवाज हे या मिश्रणाचे तीन आधार होत.

या संगीताने एक अवघड प्रश्नही उभा केला. जमैकातील कृष्णवर्णीयांच्या संगीतातून घेतलेल्या लयीवर गोऱ्या वादकांनी जागतिक कीर्ती आणि संपत्ती मिळवावी, हे कितपत न्याय्य, असा तो प्रश्न होता. ‘स्टील पल्स’ या बर्मिंगहॅममधील कृष्णवर्णीय रेगे वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिकाही १९७८ मध्येच आली आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचली. तथापि ‘द पोलीस’ला पुढे जी बाजारपेठ मिळाली, ती त्यांना लाभली नाही. आपण उसनवारी करत आहोत याची जाणीव ‘द पोलीस’ला होती. १९७९ मधील आपल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेला त्यांनी ‘रेगाटा द ब्लाँ’, म्हणजे ढोबळमानाने ‘गोऱ्यांचे रेगे’, असे नाव दिले, ते या जाणिवेनेच. त्यांनी जमैकाच्या उच्चारांची नक्कल काही अंशी केली. पण लय जशीच्या तशी न उचलता तिला रॉकशी भिडवले. त्यामुळे त्यांचे संगीत अनुकरणाच्या पलीकडे गेले, असे म्हणता येते. मूळ प्रश्न त्यामुळे पूर्णपणे सुटतो, असे मात्र नाही.

ध्वनिमुद्रिकेतील गीते

तबकडीच्या पहिल्या बाजूवर ‘नेक्स्ट टू यू’, ‘सो लोनली’, ‘रॉक्सॅन’, ‘होल इन माय लाइफ’ आणि ‘पीनट्स’ ही गीते आहेत. दुसऱ्या बाजूवर ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’, ‘ट्रुथ हिट्स एव्हरीबडी’, ‘बॉर्न इन द फिफ्टीज’, ‘बी माय गर्ल – सॅली’ आणि ‘मासोको टांगा’ ही गीते येतात.

‘नेक्स्ट टू यू’ हे प्रारंभीचे गीत पंकच्या वेगाने जाते; मात्र शब्द साध्या प्रेमगीताचे आहेत आणि मध्ये समर्स यांची स्लाइड गिटार ऐकू येते. पंकच्या कठोर नियमांत या दोन्ही गोष्टी बसत नव्हत्या. ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’मध्ये प्रेमभंगाने आत्महत्येची धमकी देणारा तरुण आहे. विषय गंभीर असला, तरी निवेदनात उपरोध आहे. ‘पीनट्स’ ही स्टिंग आणि कोपलँड यांची संयुक्त रचना असून प्रसिद्धीच्या मागे लागलेल्या रॉक तारकांवर तिचा रोख आहे. ‘बी माय गर्ल – सॅली’मध्ये स्टिंग यांच्या अपुऱ्या गीताच्या मध्ये समर्स यांचे विनोदी गद्यपठण घातलेले आहे. अखेरचे ‘मासोको टांगा’ प्रामुख्याने उत्स्फूर्त वादनावर आधारलेले असून त्यातील शब्द कोणत्याही भाषेतील नाहीत.

सर्व गीते सारख्या दर्जाची नाहीत. दुसऱ्या बाजूच्या उत्तरार्धात साहित्याची चणचण जाणवते आणि काही ठिकाणी केवळ वेगावर वेळ मारून नेलेली दिसते. पहिल्या बाजूवरील सलग तीन गीतांचा प्रभाव मात्र इतका ठोस आहे, की हा असमतोल श्रोते सहसा विसरतात.

ध्वनिमुद्रिकेच्या नावालाही इतिहास आहे. माइल्स कोपलँड यांनी प्रथम ‘पोलीस ब्रुटॅलिटी’, म्हणजे पोलिसी अत्याचार, हे पंकच्या परंपरेला साजेसे नाव सुचवले होते. ‘रॉक्सॅन’ ऐकल्यावर ते मागे पडले. ‘आउटलॉ’ आणि ‘कमांडो’ या शब्दांच्या जोडणीतून ‘आउटलँडोस’ हा शब्द तयार झाला आणि त्याला प्रेमवाचक फ्रेंच शब्द जोडण्यात आला. ‘प्रेमाचे बंडखोर’ असा त्याचा अर्थ लावता येईल.

उपेक्षा, बंदी आणि अमेरिकेचा दौरा

‘रॉक्सॅन’ची तबकडी एप्रिल १९७८ मध्ये निघाली. विषय वेश्येचा असल्याने बीबीसीने ती आपल्या नियमित यादीत घेतली नाही आणि ती लोकप्रियता यादीत शिरकाव करू शकली नाही. प्रसिद्धीसाठी मात्र गीतावर ‘बंदी’ असल्याचा गाजावाजा करण्यात आला. ऑगस्टमध्ये ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’ आली. तिच्या वेष्टनावर गळ्यात फास अडकवून बर्फाच्या लादीवर उभे असलेले कोपलँड दाखवले होते. या चित्रामुळे बीबीसीचा रोष ओढवला. हे गीत बेचाळिसाव्या स्थानापर्यंत जाऊन थांबले. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘सो लोनली’लाही प्रारंभी प्रतिसाद मिळाला नाही.

दरम्यान वाद्यवृंदाने एक धाडस केले. ऑक्टोबर १९७८ मध्ये, अमेरिकेत एकही दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रकाशित झालेली नसताना आणि कंपनीचे आर्थिक पाठबळ नसताना, तिघे अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. कोपलँड यांचे दुसरे बंधू इयन अमेरिकेत कार्यक्रमांच्या आरक्षणाचा व्यवसाय करत. त्यांनी छोट्या क्लबांतील कार्यक्रम ठरवून दिले. लेकर एअरवेजच्या स्वस्त विमानसेवेने प्रवास, एका व्हॅनमध्ये वाद्ये आणि माणसे, स्वस्त मुक्काम असा सारा बेत होता. पहिले कार्यक्रम न्यूयॉर्कच्या ‘सीबीजीबी’ या प्रसिद्ध क्लबमध्ये झाले. पुढे काही गावांत प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतकेच होते. अशा वेळीही कार्यक्रम पूर्ण करण्याचा शिरस्ता वाद्यवृंदाने पाळला.

या दौऱ्याचा परिणाम हळूहळू दिसू लागला. अमेरिकेतील काही नभोवाणी केंद्रांनी ‘रॉक्सॅन’ वाजवण्यास सुरुवात केली. १९७९ च्या प्रारंभी कंपनीने गीत तेथे अधिकृतपणे प्रकाशित केले आणि ते बत्तिसाव्या स्थानापर्यंत गेले. अमेरिकेत मिळालेल्या या दादेनंतर ब्रिटनमध्ये तबकडी पुन्हा बाजारात आणण्यात आली. या वेळी तिने बारावे स्थान गाठले. त्यानंतर ‘कान्ट स्टँड लूझिंग यू’ पुनःप्रकाशित होऊन दुसऱ्या स्थानी गेली, तर ‘सो लोनली’ १९८० मध्ये सहाव्या स्थानी पोहोचली. गीतांत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. पहिल्या खेपेस जी गीते श्रोत्यांपर्यंत पोहोचलीच नव्हती, ती दुसऱ्या खेपेस घरोघरी ऐकू येऊ लागली. ऑक्टोबर १९७९ मध्ये दुसरी ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी आली, तेव्हा तिच्यासोबत पहिलीचीही विक्री वाढत गेली. अमेरिकेत पहिल्या ध्वनिमुद्रिकेला पुढे दहा लाख प्रतींच्या विक्रीचे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले.

मुंबईतील कार्यक्रम

१९८० मध्ये ‘द पोलीस’ने जागतिक दौरा केला. पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंद सहसा जात नसत अशा देशांचा त्यात मुद्दाम समावेश होता. भारत आणि इजिप्त हे त्यांपैकी दोन होत. २६ मार्च १९८० रोजी मुंबईत धोबी तलाव परिसरातील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम झाला. ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या मुंबईतील महिलांच्या सेवाभावी संस्थेने तो आयोजित केला होता. वाद्यवृंदाच्या तोवर दोनच ध्वनिमुद्रिका प्रकाशित झालेल्या होत्या. म्हणजे कारकिर्दीच्या चढत्या काळातच हा वाद्यवृंद मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकला. या दौऱ्याचे चित्रीकरण ‘द पोलीस अराउंड द वर्ल्ड’ या माहितीपटात पाहावयास मिळते. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील संगीताचे कार्यक्रम पुढे बंद झाले.

तिघांपैकी दोघांचा भारताशी संबंध नंतरही राहिला. १९८८ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांसाठीच्या दौऱ्यात स्टिंग नवी दिल्लीत गायले. २०२४ च्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील महोत्सवातही त्यांनी कार्यक्रम सादर केला. स्ट्यूअर्ट कोपलँड यांनी बंगळुरूचे संगीतकार रिकी केज यांच्यासमवेत ‘डिव्हाइन टाइड्स’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिला २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

नंतरचा काळ आणि मूल्यमापन

‘द पोलीस’ने एकूण पाच ध्वनिमुद्रिका प्रकाशित केल्या. १९८३ मधील ‘सिंक्रोनिसिटी’ ही अखेरची ठरली. कीर्तीच्या शिखरावर असतानाच अंतर्गत मतभेदांमुळे तिघे वेगळे झाले. २००३ मध्ये अमेरिकेच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. २००७ मध्ये, स्थापनेला तीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, ग्रॅमी सोहळ्याच्या प्रारंभी ‘रॉक्सॅन’ सादर करून ते पुन्हा एकत्र आले. त्यानंतरचा जागतिक दौरा ऑगस्ट २००८ मध्ये न्यूयॉर्क येथे संपला. ‘रॉक्सॅन’ दरम्यानच्या काळात चित्रपटांतही पोहोचले होते. २००१ च्या ‘मूलाँ रूझ’ या चित्रपटात ते उघडउघड टँगोच्या रूपात आले. तालमीत कोपलँड यांनी सुचवलेली छटा त्यात ठळक झाली. नायजेल ग्रे यांचे २०१६ मध्ये निधन झाले.

श्रेयाचा जुना प्रश्न मात्र मिटला नाही. समर्स आणि कोपलँड यांनी गीतांच्या उत्पन्नातील वाट्यावरून स्टिंग यांच्याविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. संगीताच्या व्यवहारात शब्द आणि सुरावट यांना मालकीहक्क मिळतो. एखाद्या गीताची लय बदलणे, गिटारचा एखादा तुकडा बसवणे किंवा कोठे थांबायचे हे ठरवणे यांना सहसा तो मिळत नाही. जगभरातील वाद्यवृंदांत आणि आपल्याकडील चित्रपटसंगीतातही संयोजकांची आणि वादकांची नावे मागे राहिली आहेत, त्याचे एक कारण हेच आहे.

‘आउटलँडोस दामूर’ ऐकताना या प्रश्नाचे महत्त्व विशेष जाणवते. स्टिंग यांच्या रचनांशिवाय ही ध्वनिमुद्रिका झाली नसती, हे निर्विवाद आहे. ‘रॉक्सॅन’ बोसा नोव्हाच्या मूळ रूपात राहिले असते, तर ते इतक्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले असते का, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. मोजके पैसे, गावातील डॉक्टरचा स्टुडिओ आणि एकमेकांना मोकळी जागा देणारे तिघे वादक यांच्या मेळातून हा ध्वनी निर्माण झाला. तबकडीवरील श्रेयनामावलीत त्याची नोंद अपुरी असली, तरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात ती स्पष्टपणे ऐकू येते.